समुद्राच्या तळाशी लूज कॉन्टॅक्ट

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आजवरच्या पत्रांत नुसता लिहायचो. या खेपेला खरोखर घातलेला आहे, पोटावर आडवा पडून, कपाळ टेकवून, समुद्राच्या तळाशी. तो मी घातला की माझ्याकडून घातला गेला, हा तपशील पुढे येईल.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? वहिनींचा खोकला गेला का, की अजून फोनवर त्यांच्याआधी खोकलाच ‘हॅलो’ म्हणतो? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत, आणि सुखरूप हा शब्द मी या वेळी सवयीनं नव्हे, विचार करून लिहितो आहे.

तू म्हणशील, फोन असताना पत्राचा घाट कशाला? तर मागच्या खेपेला मी फोनवर ‘डोळ्यांचं’ एवढंच म्हणालो आणि तू फोन ठेवलास. त्याच्या आधी नुसतं ‘डो’ ऐकून ठेवलास, तेव्हा मी बापडा डोकं दुखतंय म्हणून सांगत होतो. पत्राचं तसं नाही. पत्र तुला वाचता येत नाही, ते वहिनीच वाचून दाखवणार, आणि वहिनींच्या हातातली वस्तू मधेच काढून घेण्याची तुझी छाती नाही हे अख्ख्या घराला ठाऊक आहे. पण तू अगदी निर्धास्त राहा. वहिनींना मी शब्द दिला आहे की या पत्रात ऑपरेशनचं अवाक्षर काढणार नाही. मोतीबिंदू हा शब्दसुद्धा लिहिणार नाही (आत्ता लिहिला तो शेवटचा). दोन्ही डोळे पिकून तयार आहेत, डॉक्टर वाट बघून कंटाळले आहेत, आणि तू घड्याळांच्या दुकानाला कुलूप ठोकून, ‘बघायचं ते सगळं बघून झालं, आता काय नवीन बघायचंय’ असं म्हणत खुर्चीत बसून आहेस, याबद्दल मला काही म्हणायचं नाही. असंच राहिलं तर उरलीसुरली नजरही जाईल असं डॉक्टर म्हणाले, त्याबद्दलही नाही. माझा विषय समुद्र आहे. (वहिनी, कंसातला मजकूर मनातल्या मनात वाचायचा, असं आपलं ठरलं आहे. वरचे कंस मोठ्यानं वाचून बसला असाल तर झालं ते झालं.)

तर आमचे जावईबापू. तुला ते लेकीच्या लग्नातले आठवत असतील, उंच, शांत, विचारल्याशिवाय न बोलणारे. तू त्यांना ‘पोहण्याचे मास्तर’ म्हणालास आणि ते नुसते हसले. ते पोहण्याचे मास्तर नव्हेत. ते चांगल्या धडधाकट माणसाच्या पाठीवर हवेची टाकी बांधतात, कमरेला शिशाची वजनं लावतात, त्याला समुद्राच्या तळाशी नेतात आणि परत वर आणतात. स्कूबा डायव्हिंग म्हणतात त्याला, आणि लोक हौसेनं करतात. बंदराला लागून त्यांची एक लांबट खोली आहे. भिंतीवरच्या खुंट्यांना काळे रबरी सूट ओळीनं टांगलेले, खाली ओल्या फरशीवर टाक्या उभ्या, कोपऱ्यात हवा भरायचं यंत्र धापा टाकतंय, आणि सगळ्याला ओल्या रबराचा वास. मी पहिल्यांदा दारातून आत पाहिलं तेव्हा मला वाटलं, मागच्या वेळी गेलेली माणसं वाळत घातली आहेत.

जावयानं बोलावलं तर सासऱ्यानं नाही म्हणायचं नसतं, आणि मी नाही म्हणण्याआधीच ही ‘हो’ म्हणून मोकळी झाली. हिला गच्चीच्या कठड्यावरून खाली पाहिलं तरी गरगरतं, म्हणून मी निश्चिंत होतो. पण पाण्यात हिला काही म्हणता काही झालं नाही. पोहण्याच्या तलावात आमची शिकवणी सुरू झाली, आणि पहिल्याच दिवशी ही तळाशी मांडी घालून बसली, घरी भाजी निवडत बसते तशी. मी मात्र कधी फुग्यासारखा वर यायचो, कधी तळाला लागायचो. आणि दादा, एक गंमत बघ. जमिनीवर हे जावईबापू माझ्यापुढे आवाज चढवत नाहीत, मी उभा असलो तर बसत नाहीत, मी आमटीत मीठ कमी आहे म्हटलं की लगेच तेही मान डोलावतात. पाण्यात गेलं की तेच गृहस्थ मला मानेमागच्या पट्ट्याला धरून मांजराच्या पिलासारखं इकडून तिकडे नेतात. वर आलं की पुन्हा ‘बाबा, टॉवेल देऊ का?’ मग समुद्रात दिवसाच्या दोन-चार बुड्या झाल्या, त्या निभावल्या, आणि एके दिवशी चहा पिता पिता ते सहज म्हणाले, ‘बाबा, आता एकदा रात्रीची मारू या. तिची मजा वेगळीच असते.’ मी म्हटलं, रात्री पाण्याखाली दिसतं काय? ते म्हणाले, ‘या तर खरं.’

अंधाराचं आणि माझं सख्य तुला सांगायला नको. जो मुलगा सोबत असल्याशिवाय न्हाणीघरापर्यंत जात नसे, तो मोठा होऊन रस्त्यांच्या दिवाबत्ती खात्यात चिकटला, यावर तू उभा जन्म हसलास आणि ‘बत्ती’ हे नाव मला कायमचं डकवलंस. हस बापडा. पण ज्याला अंधाराची भीती, तोच दिवे मनापासून लावतो, हे मी तुला अनुभवानं सांगतो. सगळी नोकरी मी शिडीवर आणि खांबावर काढली. आमच्या हद्दीतल्या एखाद्या गल्लीत दिवा लुकलुकतोय असं कुणी सांगितलं की मला जेवण गोड लागत नसे. (आपल्या मोरीतला दिवा मात्र कित्येक महिने बंद आहे, दिव्याखाली अंधार, असं ही मागून वाचून म्हणते आहे. पत्र लिहिणाऱ्याच्या मागे उभं राहू नये, हे हिला कोण सांगणार?)

सूर्य बुडता बुडता आम्ही बोटीतून निघालो. जावईबापूंनी प्रत्येकाच्या मनगटाला दोरीनं टॉर्च बांधला आणि खुणा समजावल्या. खाली बोलता येत नाही, तेव्हा सगळा कारभार खुणांचा. शेवटी म्हणाले, ‘मी टॉर्च असा छातीशी घट्ट धरला, की तुम्हीही धरायचा. मग हात हलवून बघायचे.’ म्हणजे अंधार करायचा? मी विचारलं. ते म्हणाले, क्षणभरच. मी मनाशी ठरवून टाकलं की जावयाचा मान, सासऱ्याची लाज वगैरे सगळं आपल्या जागी, पण माझा टॉर्च काही मी झाकणार नाही. एवढ्यात उडी मारायची वेळ आली. बोटीच्या काठावरून पुढे एक मोठं पाऊल टाकायचं, बस्स. खाली पाणी काळं, इतकं काळं की ते पाणी आहे हे त्याच्या आवाजावरून समजून घ्यायचं. जीव मुठीत धरावा म्हटलं, तर एक मूठ डोळ्यांवरच्या पाण्याच्या चष्म्यावर आणि दुसरी टॉर्चवर. बोबडी वळावी म्हटलं, तर तोंडात नळी. मी मागे वळून हिच्याकडे पाहिलं, तर ही जागेवर नाही. ‘डुबुक’ असा आवाज माझ्या कानांनी नंतर ऐकला. मग माझा नाइलाज झाला.

खाली जाताना मी डोळे मिटून घेतले होते. (अंधारात डोळे मिटून काय साधतं, असं तू विचारशील. डोळे आपणच मिटलेले असले की अंधार आपल्या मर्जीचा होतो.) वजनं जरा सढळ हातानं बांधलेली असल्यामुळे मी दगडासारखा गेलो आणि तळाच्या वाळूवर पालथा, हातपाय पसरून टेकलो. वर उल्लेखिलेला नमस्कार तो हाच. पट्ट्याला धरून मला उभं करण्यात आलं. मग मी डोळे उघडले, टॉर्च समोर धरला, आणि दादा, आता वहिनींना जरा सावकाश वाचायला सांग.

दिवसा मी तीच जागा पाहिली होती. दिवसा सगळं निळसर, करडं, धुतलेल्या जुन्या कपड्यासारखं. जावईबापूंनी सांगितलं होतं की तेवढ्या खोलीवर उन्हातला तांबडा रंग पोचतच नाही, वाटेतच संपतो. पण टॉर्च तर हातात, रंग हाताच्या अंतरावर! मी उजेड टाकला तिथे भडक लाल, शेंदरी, पिवळं, जांभळं असं काही पेटून उठलं की मी चटकन हात मागे घेतला, चुकून काही चालू केलं की काय म्हणून. दिवसा जे नुसते खडबडीत दगड वाटले होते, ती प्रवाळं होती, आणि रात्र झाली म्हणून त्यांनी अंगावरची सगळी बारीक बारीक तोंडं उघडली होती. प्रत्येक तोंडाला इवल्याशा बोटांची झालर, आणि ती बोटं पाण्यातून काहीतरी वेचत होती. आपण रात्री दुकानं बंद करतो. यांची तेव्हा उघडतात.

पुढे एका कपारीत एक हिरवा मासा झोपलेला. झोपलेला म्हणजे उघड्या डोळ्यांनी, बसमध्ये काही लोक झोपतात तसा. आणि त्यानं स्वतःच्या तोंडातून पातळ पारदर्शक पडदा काढून अंगाभोवती मच्छरदाणी लावून घेतली होती! रोज रात्री नवी लावतो म्हणे. एका दगडाकडे मी बघत होतो, तर तो दगड उठून चालू लागला. आठ पायांचा प्राणी तो. जाता जाता त्यानं तपकिरीचा पांढरा केला, पांढऱ्याचा ठिपक्यांचा केला, आणि शेजारच्या दगडावर बसून पुन्हा दगड झाला. मी नळीतून ‘अरे बापरे’ म्हणालो. ते फक्त बुडबुड्यांना ऐकू गेलं.

पण तुला सांगायचं ते वेगळंच आहे. एका पोवळ्याच्या फांदीवर बोटाच्या पेराएवढी कोळंबी बसलेली होती, काचेसारखी आरपार. टॉर्च तिच्याजवळ नेला तर तिच्या आतलं सगळं चालताना दिसत होतं. काय हलतंय, कशामुळे हलतंय, एकाच्या धक्क्यानं दुसरं कसं सरकतंय, सगळं. पाठ उघडलेलं घड्याळ जसं. टॉर्चच्या त्या बशीएवढ्या गोलाबाहेर सगळा काळोख, आणि गोलाच्या आत ही. मी किती वेळ बघत राहिलो कोण जाणे. तू डोळ्याला भिंग लावून टेबलावर वाकलेला असायचास आणि मी दारातून हाका मारल्या तरी ओ देत नसायचास. मला वाटायचं, एवढ्याशा गोलात माणूस आयुष्य कसं काढतो? दादा, मला त्या क्षणी तुझी इतकी आठवण आली, की बाकी कुणी नाही, हे दादाला दाखवायला हवं, एवढंच सारखं मनात येत राहिलं. मला तर ती फक्त सुंदर दिसली. ती चालते कशी, हे तूच मला सांगितलं असतंस. (यात ऑपरेशनचा उल्लेख नाही, हे वहिनींनी नोंदवून घ्यावं.)

आणि अशा देवदुर्लभ घटकेला जावईबापूंचा टॉर्च लुकलुकू लागला.

आता लुकलुकणारा दिवा दिसला की मी विचार करत नाही, माझा हात करतो. एक थाप. थापेनं भागलं नाही तर अर्धा पीळ सैल करायचा, मग गच्च आवळायचा, की कॉन्टॅक्ट बसतो. ही आमच्या खात्याची रीत, सगळ्या नोकरीत ती कधी चुकली नाही. मी तरंगत पुढे झालो, जावयाच्या हातातला टॉर्च धरला, थाप दिली, आणि अर्धा पीळ सैल केला. खांबावर असताना दिव्याच्या भोवती हवा असते, आणि इथे समुद्र आहे, हे मला पीळ सैल झाल्यानंतर आठवलं. टॉर्चमधून एक गलेलठ्ठ बुडबुडा निघाला, समुद्र आत शिरला, आणि दिवा गेला. जावई शांतपणे कमरेचा दुसरा टॉर्च काढायला वळले. पण तेवढा धीर कुणाला? मी घाबरून माझा टॉर्च दोन्ही हातांनी छातीशी कवटाळला, बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसा. ते पाहून हिला वाटलं, ठरलेली खूण आली. आज्ञाधारक विद्यार्थिनी ती! तिनंही आपला छातीशी धरला. जावयांना वाटलं, बाबांना घाई झालेली दिसते, करू या. अशा रीतीनं जो अंधार मी कुणालाही करू देणार नव्हतो, तो मी स्वतःच्या हातानं सर्वांसाठी केला.

काळोख, दादा. वर-खाली नाही, पुढे-मागे नाही. मी जावयाला पकडायला हात लांब केला, आणि माझ्या बोटांमधून ठिणग्या उडाल्या.

ठिणगी म्हटल्यावर आमच्या मनात एकच गोष्ट येते: शॉर्ट सर्किट, मेन बंद कर आणि पळ. मी मेन शोधू लागलो! मी जितका हात-पाय मारून शोधतोय तितक्या ठिणग्या वाढताहेत. निळ्या, हिरवट, थंडगार, आवाज नाही, चटका नाही. मग मी थांबलो. ठिणग्या थांबल्या. मी एक बोट हलवलं. बोटामागून उजेडाची रेघ आली. दादा, तिथे वायर नव्हती, खांब नव्हता, फ्यूज नव्हता. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक जीव त्या पाण्यात भरलेले असतात, आणि पाणी हललं की ते उजळतात, असं मला वर आल्यावर समजावण्यात आलं. तेव्हा मला काहीच समजलेलं नव्हतं, आणि समजून घ्यायची इच्छाही नव्हती. समोर ही दोन्ही हात पसरून हळूहळू गोल फिरत होती. तिच्या हातांभोवती, खांद्यांभोवती, सुटलेल्या बटांभोवती चांदणं सांडत होतं. सगळा जन्म मी हिला माझ्याच दिव्यांच्या उजेडात पाहत आलो. इथे हिच्यावर कुणाचाही दिवा नव्हता, आणि मला ती अख्खी दिसत होती. डोळ्यांचं पारणं फिटलं म्हणतात ना, ते हे. मी रडलो. चष्म्यात पाणी जमलं, आणि ते काढून टाकायची जी युक्ती शिकवलेली होती ती समुद्राच्या पाण्यासाठी होती, माझ्यासाठी तिचा काही उपयोग झाला नाही.

अंधाराला मी आयुष्यभर रिकामा समजत होतो. म्हणून तर तो बुजवत हिंडलो, गल्लीगल्लीतून. तो रिकामा नव्हता. बोटीवर आल्यावर जावयांनी टॉवेल दिला, हिनं माझा हात धरला आणि धरूनच ठेवला, आणि बिघडलेल्या टॉर्चबद्दल मी माफी मागितली तेव्हा जावई म्हणाले, ‘बाबा, त्याचा कॉन्टॅक्ट खरंच लूज होता.’ यापरतं प्रशस्तिपत्रक मला खात्यानंही कधी दिलेलं नाही.

असो. पत्र लांबलं. वहिनींना नमस्कार (त्यांनी तो वाचता वाचताच घ्यावा), लहानांना आशीर्वाद, आणि तू गुडघ्यांना तेल लावत जा. घरात अंधार पडला की दिवा लावत जा; दिसत नाही म्हणून काय झालं, असं म्हणू नकोस.

तुझा धाकटा,
बत्ती

ता. क. दिलेला शब्द मी पाळला आहे. ऑपरेशन हा शब्द जिथे कुठे आला तो फक्त येणार नाही हे सांगण्यापुरता आला.

ता. क. दुसरा. येत्या सोमवारी सकाळी जावईबापू गाडी घेऊन तुझ्या दारात येतील. ते तुला फिरायला नेणार आहेत. कुठे, ते विचारू नकोस, त्यांना खोटं बोलता येत नाही. दोन दिवसांचे कपडे वहिनींनी भरून ठेवलेले आहेत.

ता. क. तिसरा, फक्त वहिनींसाठी, मनातल्या मनात. वहिनी, त्या रात्री बोटीवर चढताना मी शिडी सोडून तिच्या शेजारी पाय ठेवला, दोनदा. जावयांनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात का? मी म्हटलं, दिसतात की, बरीच वर्षं. मला वाटलं हल्ली दिवेच तसे येतात. दादाला जे आहे तेच मला आहे. हिला अजून सांगितलेलं नाही (लिहिताना हिला चहा करायला पाठवली आहे). सोमवारी आम्हा दोघांचीही नावं लावली आहेत, त्याचं आधी, मग माझं. हे त्याला सांगू नका. पण तुम्ही एव्हाना वाचायच्या थांबला असाल, आणि तुम्ही थांबलात की त्याला कळतं. ‘का थांबलीस? काय लिहिलंय त्या गाढवानं?’ असं तो विचारेल. मग वाचून दाखवा.

दादा, टेबलावर डोळा उघडा ठेवून पडून राहायचं म्हणतात. समुद्र परवडला. मी एकटा त्या खोलीत जाणार नाही. तू आधी जा, आणि बाहेर आलास की मला सांग, काही होत नाही म्हणून. खोटं असलं तरी सांग.